गळकी उघाडी आणि परजीवीचं जनुक

अलिबाग-पेणच्या खारेपाटात बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून खाडीत उतरतं, भरती आली की झडप मिटते. ती किती सताड उघडते हे कुणी विचारत नाही. मिटल्यावर किती झिरपते, एवढंच बघतात. खारं पाणी आत शिरलं की भात गेलं.

जनुकांच्या उघाड्या बांधणाऱ्यांचीही डोकेदुखी हीच.

ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी. त्याच्या एका जातीमुळे आपल्याकडे म्हशी-घोड्यांना सर्रा होतो. दुसरी, ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, आफ्रिकेत त्सेत्से माशीमार्फत माणसाला निद्रारोग देते. तिचं एखादं जनुक जगायला लागतंच का, हे शोधायचंय. ते कायमचं काढलं आणि पेशी मेली, तर अभ्यासायला काही उरत नाही. म्हणून आधी त्या जनुकाची बटण लावलेली प्रत आत घालायची, मग मूळ जनुक काढायचं, आणि शेवटी बटण बंद करायचं.

पण या परजीवीत बहुतेक जनुकांना स्वतःचं बटणच नसतं. जनुकांची लांबच लांब रांग एका दमात वाचली जाते, म्हणजे तिची नक्कल उतरवली जाते आणि त्यावरून पुढे प्रथिनं बनतात. १९९५ साली विर्ट्झ आणि क्लेटन या संशोधकांनी बटण उसनं आणलं, तेही जिवाणूकडून. टेट-रिप्रेसर नावाचं प्रथिन डीएनएवर ठाण मांडून वाचन अडवतं. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टाकलं की ते त्या प्रथिनाला चिकटतं, प्रथिनाची पकड सुटते आणि जनुक चालू होतं.

आता हे बटण गळकं असेल तर? बंद करूनही थोडं प्रथिन बनत राहतं, पेशी त्या थेंबांवर तगते, आणि आपण लिहून मोकळे होतो की हे जनुक अनावश्यक! चुकीचं उत्तर, तेही अगदी नीटनेटकं. त्यामुळे सुधारणा बहुतेक बंद बाजूच्याच झाल्या. जनुक रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) जनुकांमधल्या, एरवी वाचल्या न जाणाऱ्या जागेत बसवायचं, शेजारच्या वाचनाच्या उलट दिशेला तोंड करून. चालू करणारा प्रमोटर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा तुकडा, मुद्दाम अशक्त करायचा. मला ही शेवटची युक्ती सर्वात आवडते. जोर कमी करून ताबा मिळवायचा.

एवढं करूनही गळती उरली, तर पेशी ज्यात वाढवतात ते वासराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, तपासावं. गुरांना टेट्रासायक्लिन दिलेलं असेल तर त्याचा अंश सीरममध्ये उतरतो आणि बटणाला हात न लावता जनुक जागं होतं. झडप पक्की, पण पाणी विहिरीतूनच खारं! म्हणून प्रयोगशाळा आता टेट्रासायक्लिनमुक्त असल्याची खात्री केलेलं सीरम वेगळं मागवतात.