३१, ३३१, ३३३१ वाला फॉरवर्ड: सगळ्या मूळ संख्या नाहीत

फॉरवर्ड असा असतो: ३१, ३३१, ३३३१, ३३३३१... मागे १ ठेवून पुढे कितीही ३ लावा, मूळ संख्याच मिळणार.

आता हे खरं वाटणं साहजिक आहे, कारण पहिल्या सातही संख्या, म्हणजे पार ३३३३३३३१ पर्यंत, खरंच मूळ आहेत आणि एवढं कोण तपासत बसतं. पण आठवी बघा, ३३३३३३३३१. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १७ ने भागा, १९६०७८४३ येतात, बाकी शून्य.

कॅल्क्युलेटर नको असेल तर आणखी मजेशीर रस्ता आहे. यातली प्रत्येक संख्या म्हणजे आधीचीची दहापट अधिक २१ (३१० + २१ = ३३१). म्हणून अख्खी संख्या भागायची गरजच नाही, नुसती बाकी घ्या, दहापट करा, २१ मिळवा, परत १७ ने भागा. ३१ पासून सुरू केलं की बाक्या येतात १४, ८, १६, ११, १२, ५, ३ आणि मग ०. झालं, आठवी गेली.

आणि ती एकटीच अपवाद आहे असंही नाही बरं का. हेच ३१ ने करा. पहिली बाकी ०, बाक्या शक्य आहेत फक्त ३१, त्यामुळे चक्र फिरून कधीतरी परत ० वर येणारच, ते येतं दर १५ पावलांनी. म्हणजे सोळा ३ आणि शेवटी १ या संख्येला ३१ ने भाग जातो, पुढे पुन्हा १५ नंतर, असं कायम चालूच.