बायपोलर म्हणजे एका अंगात दोन माणसं नव्हेत

घडीत हसणारा, घडीत चिडणारा कुणी दिसला की हल्ली सर्रास म्हणतात, 'बायपोलर आहे तो, त्याच्यात दोन माणसं राहतात.' एका वाक्यात दोन चुका.

बायपोलर या मानसिक आजारात माणूस एकच असतो. बदलते ती मनःस्थिती: कधी उन्माद, म्हणजे मूड अतिच चढलेला, तर कधी नैराश्य. आणि तीही घडीघडीला नाही. उन्मादाचं निदान करताना लक्षणं सहसा किमान आठवडाभर टिकलेली लागतात, नैराश्याची दोन आठवडे. उन्मादात झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं आवरत नाही, पैसा पाण्यासारखा जातो.

'दोन माणसं' हे वर्णन त्यातल्या त्यात जवळ जातं ते डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर या वेगळ्याच आजाराच्या. १९९४ पर्यंत याला अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेत 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत. इथे 'मी कोण' ही ओळखच तुटलेली असते, वेगवेगळ्या ओळखी आलटूनपालटून पुढे येतात आणि आठवणींना भोकं पडतात: पिशवीत खरेदीची पावती सापडते, दुकानात गेल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही. मुळाशी बहुधा लहानपणी सोसलेला छळ असतो.

मग गोंधळ का होतो? कारण ओळख तुटलेल्या या रुग्णांना नैराश्यही फार वेळा असतं, आणि डॉक्टरकडे ते येतात तेही बऱ्याचदा त्याचीच तक्रार घेऊन. ओळख पालटताना बदललेला आवाज, बदललेला नूर बाहेरून मूड पालटल्यासारखा वाटतो. पण बायपोलरवर लिथियमसारखी औषधं चालतात. तुटलेली ओळख सांधणारी गोळी नाही. तिथे मुख्य उपचार दीर्घकाळच्या मानसोपचाराचा, गोळ्या फार तर सोबतच्या नैराश्यापुरत्या.