मूल सिस्टरलाच का विचारतं

कॅन्सर झालेल्या मुलाबद्दल "आता औषधाने आजार आटोक्यात येणार नाही" हे सांगायची वेळ येते तेव्हा डॉक्टर आईबाबांना केबिनमध्ये बोलावतात, रिपोर्ट दाखवतात, आपल्याला वाटतं सांगून झालं. पण खरा प्रश्न येतो रात्री दोनला, आई खाली चटईवर झोपलेली, सिस्टर सलाईन बघायला आलेली, आणि आठ वर्षांचं पोरगं हळूच विचारतं, सिस्टर, मी मरणार का?

तिलाच विचारतं कारण आईला विचारलं तर आई रडेल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांसोबत वॉर्डात राहून अभ्यास केला, त्यात ३ ते ९ वर्षांच्या मुलांनाही कुणी न सांगता आपलं काय होणारे ते कळलेलं होतं. शेजारचा मुलगा गेला की कळतं, मोठी माणसं बाहेर जाऊन बोलायला लागली की कळतं. मग मूलही काही माहीत नसल्यासारखं वागतं, आईबाबांसाठी. हे वाचून मला खरंच गलबलून आलं.

अशा वेळी चांगली सिस्टर हो-नाही काहीच पटकन म्हणत नाही. स्टूल ओढून त्याच्या नजरेच्या उंचीला बसते आणि विचारते, तुला असं का वाटलं रे? कारण प्रश्नाच्या आत दुसराच प्रश्न असू शकतो, खूप दुखेल का, आई तेव्हा जवळ असेल का. मग त्याचं खरं उत्तर देता येतं, दुखलं तर औषध आहे, आम्ही इथेच आहोत. "तू नक्की बरा होशील" मात्र ती म्हणत नाही. आणि "झोपला", "देवाघरी गेला" हे आपले शब्द पण जपून, कारण लहान मुलं ते शब्दशः घेतात, झोपायलाच घाबरतात नाहीतर परत कधी येणार म्हणून विचारत बसतात.

आपल्याकडे घरचे हमखास सांगतात, त्याला काही बोलू नका हं. तिथे वाद घालून उपयोग नाही, ती माया आहे. सिस्टर एवढंच विचारते, त्याने तुम्हाला काही विचारलंय का, आणि मला विचारलं तर काय सांगायचं ते आपण मिळून ठरवूया का. स्वीडनमध्ये १९९२ ते ९७ या काळात कॅन्सरने मूल गमावलेल्या आईवडिलांना नंतर विचारलं गेलं, मुलाशी मरणाबद्दल बोललेल्या १४७ जणांपैकी एकालाही पस्तावा नव्हता, न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता, आणि मुलाला कळलंय असं ज्यांना जाणवलं होतं पण तरी जे बोलले नाहीत त्यांच्यात तर जवळपास निम्म्यांना. अर्थात न बोललेल्या बाकीच्यांना खंत नव्हती, म्हणून जबरदस्ती कुणावरच नको.

शिवाय हे एका रात्रीत संपत नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, ही काही फक्त शेवटच्या चार दिवसांची नव्हे, जागतिक आरोग्य संघटना म्हणते ती निदानापासूनच सुरू व्हायला हवी, म्हणजे बोलणंही तुकड्यातुकड्यानेच होतं. म्हणून सकाळी ड्युटी बदलताना सलाईन किती गेलं याच्यासोबत रात्री याने काय विचारलं, मी काय सांगितलं हेही पुढच्या सिस्टरला सांगायला लागतं, नाहीतर ती "अरे तू एकदम ठणठणीत होणार" म्हणून मोकळी होते आणि ते पोरगं परत कुणालाच काही विचारत नाही.