रस्टअप: एकाच यंत्रावर अनेक कम्पायलर नांदवण्याची पार्श्वभूमी
रस्टअप हे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे कम्पायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचे यंत्राला चालवता येईल अशा प्रोग्राममध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम, उतरवणारे आणि सांभाळणारे साधन आहे. रस्ट १५ मे २०१५ रोजी १.० या आवृत्तीला पोहोचली, तेव्हा दोन गोष्टी ठरलेल्या होत्या: आज स्टेबल (स्थिर) कम्पायलरवर चालणारा कोड पुढच्या आवृत्तीतही चालला पाहिजे, आणि नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी आली पाहिजे. त्यासाठी स्टेबल, बीटा (पुढच्या स्थिर आवृत्तीची चाचणी) आणि नाइटली (रोज रात्री तयार होणारी) असे तीन चॅनल, म्हणजे आवृत्त्यांचे प्रवाह, आखले गेले. प्रयोगावस्थेतील सुविधा फक्त नाइटलीवर चालतात, स्टेबल कम्पायलर त्या साफ नाकारतो. त्यामुळे ज्याला दोन्हींची गरज आहे, त्याला एकाच यंत्रावर दोन कम्पायलर ठेवणे भागच होते. लिनक्सच्या वितरणांतून मिळणारे पॅकेज इथे पुरे पडत नसे, कारण ते बहुधा एकच आवृत्ती देते आणि सहा आठवड्यांच्या वेगात तीही लवकरच मागे पडते.

हा पेच नवा नव्हता. रूबी या भाषेसाठी आरबीएन्व्ह आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी एनव्हीएम ही आवृत्त्या सांभाळणारी साधने याच कारणाने आधीच रुळली होती. रस्टसाठी ब्रायन अँडरसन यांनी मल्टिरस्ट लिहिले, पण ते शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे युनिक्स-पद्धतीच्या टर्मिनलसाठीच्या आज्ञांच्या फाइलीच्या, स्वरूपात असल्याने विंडोजवर त्याचा उपयोग अवघड होता. डिगरी ब्लेक यांनी तेच साधन रस्टमध्ये नव्याने लिहिले आणि त्यातूनच रस्टअप आकाराला आले. मे २०१६ मध्ये त्याची बीटा आवृत्ती जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात १.० आवृत्ती आली.

त्याची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. होम डिरेक्टरीतील '.कार्गो' फोल्डरच्या 'बिन'मध्ये रस्टसी (रस्टचा कम्पायलर) आणि कार्गो (प्रकल्प बिल्ड करणारे, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करणारे साधन) या नावांच्या फाइली दिसतात, परंतु त्या कम्पायलर नसून वेगवेगळ्या नावांनी ठेवलेला खुद्द रस्टअपच असतो. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली गेली हे तो पाहतो, कोणती आवृत्ती हवी हे ठरवतो आणि काम खऱ्या कम्पायलरकडे सोपवतो. आज्ञेतच 'कार्गो +नाइटली बिल्ड' असे लिहिले असेल तर तो शब्द अंतिम. नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये आधी ठरवून ठेवलेले मूल्य), मग त्या फोल्डरपुरती केलेली नोंद, मग प्रकल्पातील 'रस्ट-टूलचेन' फाइल आणि शेवटी डिफॉल्ट, असा हा क्रम लागतो.

यांतील प्रकल्पाची फाइल मला सर्वांत मोलाची वाटते. ती कोडसोबत गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहते, म्हणून कोणती आवृत्ती वापरायची हे नव्याने आलेल्या सहकाऱ्याला तोंडी सांगावे लागत नाही; त्याने बिल्ड चालवले की नेमलेला कम्पायलर आपोआप उतरतो. या सवयीवर किती जण विसंबून आहेत, हे मार्च २०२५ मध्ये दिसून आले. रस्टअप १.२८.० ने हे आपोआप उतरवणे थांबवले, तेव्हा त्याच गृहीतावर उभ्या असलेल्या स्वयंचलित बिल्ड-व्यवस्था अडल्या, आणि दोनच दिवसांत आलेल्या १.२८.१ ने जुनी वागणूक पुन्हा डिफॉल्ट केली. ज्यांना ती नको, त्यांच्यासाठी बंद करण्याची सोय तेवढी ठेवली.