वणवा लागला हे कळणं आणि वणवा लागेल हे कळणं

उन्हाळा तोंडावर आला की ‘आता एआय वणवा लागण्याआधीच ओळखणार’ अशा मथळ्याच्या बातम्या यायला लागतात. खाली फोटो असतो उंच मनोऱ्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा. हा फोटो त्या मथळ्याखाली शोभत नाही. कॅमेरा धूर बघतो, आणि धूर दिसला याचा अर्थ आग लागून चुकली आहे. आग लागण्याआधी काही सांगायचं असेल तर ते काम वेगळ्याच यंत्रणेचं. तिला कॅमेरा लागत नाही, धुराशी तिचं देणंघेणं नाही. या दोन्हींना आपण सरसकट ‘पूर्वसूचना’ म्हणून मोकळे होतो. मग एकीसाठी पैसे खर्च करून दुसरीच्या फळाची वाट बघत बसतो.

आधी शोधाकडे, म्हणजे लागलेली आग हुडकण्याकडे बघू, कारण आपल्याकडे तो जुना आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या नोंदींवरून राज्यांच्या वनखात्यांना आगीची ठिकाणं कळवते. सुरुवातीला ‘मोडिस’ या उपकरणाच्या नोंदी होत्या. त्यात उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन जमिनीवर साधारण एक किलोमीटरचा. पुढे ‘व्हिअर्स’ आलं, त्याचा चौकोन 375 मीटरचा. नोंदणी केलेल्या वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो: अक्षांश, रेखांश, जिल्हा, परिक्षेत्र आणि बीट, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीचा भाग. त्या चौकोनातली नेमकी जागा मात्र त्याने पायी जाऊन हुडकायची. 375 मीटर म्हणजे नकाशावर एक ठिपका. घाटाच्या उतारावर तेवढ्यात एक ओढा, एक टेकाड आणि मध्ये करवंदीच्या जाळ्या असतात.

दुसरी अडचण वेळेची. व्हिअर्स ज्या उपग्रहांवर आहे ते आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पाचला लागलेली आग त्यांना दिसते ती मध्यरात्र उलटल्यावर. त्यावर प्रक्रिया होऊन संदेश हातात पडायला आणखी वेळ जातो. आपला भूस्थिर इन्सॅट दर अर्ध्या तासाला बघतो खरा, पण उष्णता टिपणारा त्याचा चौकोन सुमारे चार किलोमीटरचा. आग चांगली पसरल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही.

ही मधली फट भरून काढायला कॅमेरे आले. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो इथल्या विद्यापीठाने चालवलेल्या ‘अलर्ट कॅलिफोर्निया’ या जाळ्यात डोंगरमाथ्यांवर हजाराहून जास्त कॅमेरे आहेत. 2023 च्या उन्हाळ्यात तिथल्या राज्य अग्निशमन खात्याने, म्हणजे ‘कॅल फायर’ने, त्या चित्रांवर एआय बसवलं. पहिल्या दोन महिन्यांत या प्रणालीने 77 आगी कोणाचाही फोन येण्याआधी पकडल्या. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाने 2024 मध्ये अशीच प्रणाली बसवली. 15 किलोमीटरपर्यंत बघणारा कॅमेरा आणि सुमारे तीन मिनिटांत सूचना, असं तिचं वर्णन तेव्हा केलं गेलं.

धूर ओळखणं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात डोंगराळ भागात पांढरट-करडं काहीतरी वर जाताना दिवसभर दिसतच असतं. सकाळी दरीतून धुकं वर येतं. कच्च्या रस्त्याने टिपर गेला की धुळीचा लोट उठतो. लांबच्या शेतात कोणी पाचट पेटवलेलं असतं, आणि तो तर खराच धूर असतो, फक्त तो वणवा नसतो. एकाच चित्रावरून यातला फरक यंत्राला नीट सांगता येत नाही, म्हणून लागोपाठची चित्रं ताडून बघितली जातात. धुराचं बूड एका जागी रोवलेलं असतं आणि शेंडा वाऱ्याबरोबर वाकतो. धूळ रस्त्याबरोबर पुढे सरकत जाते. धुकं ऊन चढलं की विरतं. हे सगळं शिकवण्यासाठी त्याच जागेची, त्याच हंगामातली हजारो चित्रं माणसांनी बसून ‘धूर आहे’, ‘धूर नाही’ अशी वेगळी केलेली लागतात. कॅलिफोर्नियाच्या पिवळ्या गवताळ टेकड्यांवर शिकलेलं यंत्र पानगळीच्या सागवनात आणून बसवलं तर त्याला नव्याने शिकवावं लागणारच. आणि शेवटचा शब्द तिथेही माणसाचाच असतो. नियंत्रण कक्षातला माणूस चित्र बघून ‘खरं आहे’ म्हणतो, तेव्हाच गाडी निघते.

उपग्रहही सुधारत आहेत. ‘फायरसॅट’ नावाच्या ताफ्यातला पहिला उपग्रह मार्च 2025 मध्ये सोडला गेला. पन्नासहून अधिक उपग्रह झाले की पाच बाय पाच मीटरची आग वीस मिनिटांच्या आत दिसावी, असं त्यामागचं उद्दिष्ट आहे. ते साधलं तर वनरक्षकाची पायपीट कितीतरी कमी होईल. पण तोही शोधच. हाती येतो तो आग लागल्यानंतरचा वेळ, फक्त तो तासांऐवजी मिनिटांत मोजला जातो.

त्या मिनिटांची किंमत मी कमी लेखत नाही. पालापाचोळ्यातली सुरुवातीची आग तीन-चार माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून आणि ब्लोअरने पाला मागे सारून आवरू शकतात. तीच आग दुपारच्या वाऱ्यात चढावर लागली की तिच्यासमोर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता अंदाज. याचं सगळ्यात रुळलेलं रूप म्हणजे कॅनडात तयार झालेला ‘फायर वेदर इंडेक्स’. दुपारचं तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि गेल्या चोवीस तासांतला पाऊस, एवढ्या चार गोष्टींवरून तो जमिनीवरच्या वाळक्या थरांतली ओल रोज हिशेबात धरत जातो. वरचा हलका पाला काही तासांत सुकतो, खालचा दाट थर कित्येक आठवडे घेतो. अशा थरांचे आकडे वेगळे ठेवून शेवटी धोक्याची एक पातळी काढली जाते. आपल्या वन सर्वेक्षण संस्थेच्या पूर्वइशाऱ्यांमागेही हाच निर्देशांक आहे.

त्याची मर्यादा त्याच्या जन्मातच आहे. तो कॅनडातल्या पाइनच्या जंगलासाठी बेतलेला, आणि तो हवा बघतो, जळण बघत नाही. म्हणून सहारा वाळवंटातही तो ‘अतिधोका’ दाखवू शकतो, जिथे जळायला काडी नाही. आपल्याकडची गोष्ट याहून बारीक आहे. साग पान टाकतो तेव्हा दोन-तीन आठवड्यांत जमिनीवर पावलाखाली करकर वाजणारा थर साचतो. हवामान तेच, पण जंगल आता वेगळंच असतं. कोणत्या वर्षी गवत किती माजलं, पानगळ कधी सुरू झाली, यातलं काहीच त्या चार आकड्यांत येत नाही.

एआयचा खरा उपयोग मला इथे दिसतो. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राने जागतिक पातळीवर आगीची शक्यता काढणारं एक प्रारूप तयार केलं आहे. ते हवेबरोबर वनस्पतींचं प्रमाण आणि ओल, विजा, माणसांचा वावर, रस्ते हेही विचारात घेतं. त्यांच्या अभ्यासात निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: अंदाज सुधारतो तो मुख्यतः माहिती चांगली असल्यामुळे, गणिताची पद्धत जास्त गुंतागुंतीची केल्यामुळे नव्हे.

माहितीचा हा मुद्दा आपल्याकडे टोचणारा आहे. अंदाजाचं यंत्र शिकणार कशावरून? मागच्या वर्षांत कुठे कुठे आगी लागल्या त्या नोंदींवरून. त्या नोंदी बहुतेक उपग्रहाच्या. म्हणजे संध्याकाळी पाचला लागून रात्री दहाला गावकऱ्यांनी विझवलेली आग त्या यादीत येतच नाही. दाट झाडोऱ्याखाली सरपटत गेलेली आगही सुटते. यंत्र मग ‘आग कुठे लागते’ हे न शिकता ‘उपग्रहाला आग कुठे दिसते’ हे शिकतं. बीटच्या नोंदवहीत वनरक्षकाने लिहिलेली प्रत्येक लहान आग, तिची तारीख, तिचं कारण, हे संगणकावर येईल तेव्हाच हे प्रारूप आपल्या जंगलाबद्दल बोलायला लागेल.

शोध आणि अंदाज, दोघांच्या चुका मोजायची पद्धतही एक नाही, आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. कॅमेऱ्याने धूर सांगितला आणि तिथे धूळ निघाली तर यंत्र चुकलं, सरळ हिशेब. पण अंदाजाने एखाद्या परिक्षेत्राला ‘अतिधोका’ म्हटलं आणि त्या दिवशी काहीच पेटलं नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. त्याने आग सांगितलीच नव्हती. आग लागली तर ती हाताबाहेर जाईल, एवढंच सांगितलं होतं. तो खरा की खोटा हे एका दिवसावरून ठरत नाही, सगळ्या हंगामाचे ‘अतिधोका’ दिवस आणि उरलेले दिवस शेजारी ठेवून ठरतं. पाच दिवस इशारा आला, काही झालं नाही, म्हणून सहाव्या दिवशी गस्त ढिली करणं ही त्यामुळेच घातक चूक.

लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी 2025 ला जे झालं त्यात दोन्ही यंत्रणा एकदम दिसतात. हवामान खात्याने आदल्याच दिवशी अत्यंत धोकादायक वाऱ्याचा इशारा दिला होता. 7 जानेवारीला सकाळी पॅलिसेड्स भागात आग दिसली, तीही लगेच. अंदाज बरोबर होता आणि शोधही वेळेवर लागला, तरी त्या दिवसांतल्या आगींत मिळून 16 हजारांहून अधिक इमारती गेल्या. पुढे तपासयंत्रणांनी सांगितलं की 1 जानेवारीला लागलेली एक छोटी आग विझवली गेली, पण ती जमिनीखाली मुळांत धुमसत राहिली आणि वारा सुटल्यावर वर आली. मुळांतली धग कॅमेऱ्याला दिसत नाही. अंदाजाला तिची खबर नसते. तिथे लागतो तो विझलेल्या जागेवर परत परत जाऊन हात लावून बघणारा माणूस. इशाऱ्याच्या दिवशी ताज्या जळक्या जागा आधी तपासायच्या, असा नियम असेल तरच अंदाजाचं पुढे काही होतं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत कित्येक दिवस आगी लागत राहिल्या. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. त्याआधीचा फेब्रुवारी हा देशात 1901 पासूनचा दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता, हे भारतीय हवामान विभागानेच जाहीर केलं होतं. हेलिकॉप्टर आलं ते आग दिसल्यावर. जंगल वाळत चाललं होतं ते त्याआधी कित्येक दिवस, आणि तेवढे दिवस हाताशी होते.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे: आपल्या जंगलांत अंदाजावर जास्त पैसा आणि जास्त माणसं लागायला हवीत. कॅनडात किंवा अमेरिकेच्या पश्चिमेत कितीतरी आगी विजेने लागतात, आणि वीज कुठे पडेल ते कोणाच्या हातात नाही. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असेल तर ती वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची पद्धत आहे. त्यातली एखादी आग राहून जाते आणि दुपारी वाऱ्यावर पसरते. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून, गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणूनही पेटवलं जातं. ही कारणं ठरलेल्या महिन्यांतली, ठरलेल्या गावांजवळची आहेत. कॅमेरा त्यातली प्रत्येक आग पेटल्यावर दाखवेल. अंदाज मात्र सांगू शकतो की या आठवड्यात या बारा गावांत मोह गळतोय, पाला पूर्ण सुकलाय आणि परवापासून वारा वाढणार आहे.

पुढचं काम साधं आहे, पण ते आधीच व्हावं लागतं. काही ठिकाणी वनविभागाने मोहाखाली अंथरायला जाळ्या दिल्या आहेत. फूल जाळीवर पडतं, पाला पेटवायची गरज उरत नाही. जाळ्या सगळ्यांना एकदम पुरत नाहीत. मग आधी कोणत्या गावाला, जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) आधी कुठल्या साफ करायच्या, हंगामी फायर वॉचर कोणत्या बीटवर वाढवायचे, हे ठरवताना धोक्याचा नकाशा समोर हवा. महाराष्ट्रात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो. त्यामुळे हा नकाशा परिक्षेत्र अधिकाऱ्याच्या टेबलावर जानेवारीत पोहोचायला हवा आणि पुढे दर आठवड्याला बदलायला हवा.

सामान्य माणसालाही यात हातभार लावता येतो. वन सर्वेक्षणाच्या ‘वन अग्नी’ या संकेतस्थळावर कोणीही नोंदणी करून आपल्या भागातल्या आगीच्या सूचना मिळवू शकतो. डोंगरावर धूर दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. फोन करताना जवळचं गाव, डोंगराची कुठली बाजू आणि वारा कुठून वाहतोय एवढं सांगितलं, तर वनरक्षकाचा बराच वेळ वाचतो.