हिऱ्याचे चार कोपरे

गोल हिरा घेणाऱ्याचं काम तसं सोपं आहे. जीआयए ही हिरे तपासणारी प्रयोगशाळा २००६ पासून गोल ब्रिलियंट हिऱ्याच्या कटलाही, म्हणजे पैलूंच्या घडणीलाही, ‘एक्सलंट’पासून ‘पुअर’पर्यंत श्रेणी देते. वजन, रंग, शुद्धता, कट असे सगळे रकाने भरलेले असतात. जीआयएचा चौकोनी हिऱ्याचा नेहमीचा रिपोर्ट उघडा. त्यात पॉलिश दिसेल, सिमेट्री दिसेल, पण कटची श्रेणीच नसेल. हिऱ्याची चमक सगळ्यात जास्त जिच्यावर अवलंबून असते, नेमकी तीच गोष्ट कागदावर नाही. साखरपुड्यासाठी प्रिन्सेस कटची, म्हणजे टोकदार कोपऱ्यांच्या चौकोनी हिऱ्याची, अंगठी ठरवलेली जोडपी मोबाइलवर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे ताडत बसतात. त्या आकड्यांवरून फार तर नकोसे हिरे बाजूला काढता येतात. हवा तो हिरा डोळ्यांनीच निवडावा लागतो, आणि डोळ्यांनी काय शोधायचं हे कळायला थोडं भौतिकशास्त्र लागतं.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याची ताकद, २.४२ आहे, साध्या काचेचा १.५ च्या आसपास. याचा अर्थ असा, की हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाला बाहेर पडणं महाकठीण. आतून पृष्ठभागावर येताना किरणाने लंबाशी २४.४ अंशांपेक्षा मोठा कोन केला, की तो संपूर्ण आत परततो. काचेत हीच मर्यादा ४२ अंशांच्या जवळ असते, म्हणून काचेतून प्रकाश सहज निसटतो. हिरे घडवणारे या पूर्ण आंतरिक परावर्तनावरच जगतात. वरच्या मोठ्या सपाट पैलूला टेबल म्हणतात. टेबलातून शिरलेला प्रकाश तळाच्या एका उतारावर आपटावा, तिथून समोरच्या उतारावर जावा आणि पुन्हा वरून, बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे, बाहेर यावा अशी सगळी खटपट असते. उतार उथळ झाला किंवा जास्त उभा झाला, की प्रकाश तळातूनच पळतो आणि हिरा राखाडी दिसतो.

हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्की या तरुणाने १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडलं. तळाचा उतार ४०.७५ अंश असावा, असं त्याचं उत्तर होतं. गोल हिऱ्याला ते लागू पडतं, कारण गोल कुठूनही फिरवला तरी सारखाच. चौकोनाचं तसं नाही. मध्यापासून बाजूपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या १.४१ पट कोपऱ्यापर्यंत. आता तळ म्हणजे एक साधा उलटा पिरॅमिड आहे असं धरा. कोपऱ्याकडून येणारी धार ४१ अंशांत ठेवली, तर बाजूचा उतार आपोआप ५१ अंशांचा होतो. बाजू ४१ अंशांत आणली, तर कोपऱ्याची धार ३२ च्याही खाली जाते. दोन्ही जमवणं भूमितीला मान्य नाही.

यावर तोडगा म्हणून प्रिन्सेस कटच्या तळाला व्ही आकाराच्या पैलूंच्या रांगा असतात. त्यांना शेव्हरॉन म्हणतात. कोपऱ्यापासून तळाच्या टोकाकडे जाताना प्रत्येक रांगेचा कोन थोडा बदलतो आणि एका उताराची कसर दुसरा भरून काढतो. हिरा वरून पाहिला की मधोमध जी फुली दिसते ती याच रांगांची. दोन रांगा असतील तर चमक मोठ्या ठसठशीत तुकड्यांत येते. चार असतील तर बारीक चुरा उधळल्यासारखी दिसते. यात बरं-वाईट काही नाही, आवडीचा प्रश्न आहे. मला स्वतःला कमी रांगांचा हिरा आवडतो, विशेषतः एक कॅरटच्या आतला असेल तर. लहान खड्यात पैलू फार झाले की एकेक पैलू डोळ्याला वेगळा दिसत नाही.

चौकोनी हिरा गोलापेक्षा स्वस्त का पडतो, याचं उत्तर रफमध्ये, म्हणजे कच्च्या हिऱ्यात आहे. खाणीतून निघालेला चांगल्या घडणीचा स्फटिक पुष्कळदा अष्टफलक असतो, म्हणजे तळाला तळ जोडलेले दोन पिरॅमिड. त्याची कंबर मुळातच चौकोनी. सुरतेत, जिथे जगातले बहुतेक हिरे घासले जातात, असा स्फटिक कंबरेजवळ कापून त्याचे दोन हिरे करतात. गोल करायचा तर चारही कोपरे घासून टाकावे लागतात आणि निम्म्याहून जास्त वजनाची भुकटी होते. प्रिन्सेस कटमध्ये कोपरे जागच्या जागी राहतात, त्यामुळे रफच्या वजनाचा बराच मोठा भाग वाचतो. प्रयोगशाळेत सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे वायूतून थरावर थर चढवत, वाढवलेला हिरा तर चौकोनी वडीच्याच रूपात तयार होतो. त्याचे अपवर्तनांक, काठिण्य, रसायन सगळं खाणीतल्या हिऱ्यासारखंच असल्यामुळे प्रकाशाचं आणि कोपऱ्यांचं इथलं सगळं गणित त्यालाही लागू आहे.

पण वजन वाचवण्याच्या या सोयीतच गिऱ्हाइकाची गोम आहे. घडवणाऱ्याला पैसे कॅरटवर मिळतात, त्यामुळे तळ जरा जास्त खोल ठेवण्याचा मोह त्याला होतो. रिपोर्टवर ‘डेप्थ’ टक्क्यांत लिहिलेली असते, म्हणजे हिऱ्याची खोली त्याच्या रुंदीच्या किती टक्के आहे ते. एक कॅरटचा, ६८ टक्के डेप्थचा प्रिन्सेस साधारण ५.६ मिलिमीटर बाजूचा भरतो. तेच वजन ७८ टक्क्यांत बसवलं तर बाजू ५.४ च्या खाली येते. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो, पण वरून दिसणारं क्षेत्रफळ आठ-नऊ टक्क्यांनी घटतं. खोलीत गेलेलं हे वजन कोंदणात गडप होतं, आणि पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात. म्हणून कॅरटच्या आधी मिलिमीटर वाचावेत. लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.०५ च्या पुढे गेलं तर चौकोन आयताकडे झुकल्याचं डोळ्याला जाणवायला लागतं, तेही त्याच ओळीत कळतं.

कोपऱ्यांची दुसरी बाजू काठिण्याची. हिरा सर्वांत कठीण, म्हणून तो फुटत नाही, असा समज घराघरांत आहे. ओरखडा न उठणं वेगळं आणि तडा न जाणं वेगळं. लाकूड जसं शिरेच्या दिशेने सहज फाटतं, तसा हिरा चार ठरावीक दिशांना, अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर, दुभंगतो. या गुणाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग १९०८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा जोसेफ ॲशर यांनी खाच पाडून, तिच्यात पोलादी पातं ठेवून, वर घाव घालून फोडला. त्यातून नऊ मोठे आणि ९६ लहान हिरे निघाले.

या ॲशर यांनीच १९०२ मध्ये स्वतःच्या नावाचा चौकोनी कट काढला होता, आणि त्यात कोपरे चक्क छाटलेले आहेत. हिरा कुठे फुटतो हे इतकं जवळून जाणणाऱ्या माणसाच्या कटला टोकदार कोपरा नाही, हे मला फार बोलकं वाटतं. प्रिन्सेस कटचे चारही कोपरे मात्र नव्वद अंशांचे आणि पातळ. ओट्याच्या कडेवर, गाडीच्या दारावर हात आपटला तर टवका तिथेच उडतो. अंगठी करताना कोपऱ्यांवर व्ही आकाराचे प्राँग, म्हणजे हिरा धरून ठेवणारे काटे, घ्यावेत, गोल टोकाचे नकोत. पूर्ण रिपोर्टमध्ये हिऱ्यातल्या दोषांचा नकाशा असतो. त्यात कोपऱ्याजवळ फेदर, म्हणजे आतली चीर, दाखवली असेल तर तो हिरा सोडून द्यावा, मग शुद्धतेची श्रेणी कितीही चांगली असो. कंदोरा, म्हणजे हिऱ्याच्या कंबरेची कड, कोपऱ्यांवर अगदी कागदासारखी पातळ झाली असेल तरीही तेच.

ॲशर कटची तऱ्हा अगदी वेगळी. त्याचे पैलू पायऱ्यांसारखे, लांब आणि समांतर. चकाकीचा चुरा नाही, तर आरशांमागून आरसे दिसावेत तशी संथ उघडझाप. त्या मोकळ्या आरशांत लपायला जागा नसते. प्रिन्सेसमध्ये खपून जाणारा काळा ठिपका ॲशरमध्ये टेबलाच्या मधोमध दिसतो, आणि पिवळसर झाकही लवकर कळते. त्यामुळे ॲशर घ्यायचा तर शुद्धतेवर पैसे घालावेत. प्रिन्सेस घ्यायचा तर शुद्धता एखादी पायरी खाली चालेल, वाचलेले पैसे कटकडे वळवावेत. चौकोनी रेडियंट आणि कुशन हे कटही प्रिन्सेसच्याच कुळातले. ते रंग गडद करून दाखवतात, म्हणून पिवळे हिरे बहुतेकदा त्या घाटात दिसतात. पांढरा हिरा हवा असणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता प्रत्यक्ष बघण्याबद्दल. पेढीच्या काचेखालचे बारीक प्रखर दिवे कुठल्याही पारदर्शक खड्यातून रंगीत ठिणग्या काढतात. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो, त्या क्युबिक झिर्कोनियाची रंग विखुरण्याची ताकद ०.०६० आहे, हिऱ्याची ०.०४४. म्हणजे त्या दिव्यांखाली नकली खडा अस्सल हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकू शकतो! सराफाला सांगून खडा खिडकीशी न्यावा, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात. बोटांच्या बेचक्यात धरून आधी हातभर अंतरावरून, मग जवळून पाहावा. कोपरे उजळतात की चारही मिटलेले राहतात? टेबलाखाली बोटाच्या कातडीचा रंग दिसतो का? दिसत असेल तर प्रकाश तळातून गळतोय. जवळ आणल्यावर मध्यभागी येणारा काळोख पुष्कळदा आपल्याच डोक्याची सावली असते. हात किंचित हलवला की ती सरकायला हवी. जागचा न हलणारा काळा पट्टा मात्र कटचा दोष.

मोठ्या पेढ्यांत एसेट नावाचं एक छोटं यंत्र मिळतं. उंचावरून आलेला प्रकाश ते तांबडा दाखवतं, आडवा आलेला हिरवा, आणि बघणाऱ्याच्या डोक्याने अडवलेला निळा. चांगल्या प्रिन्सेसमध्ये तांबडा भरपूर असतो आणि निळा-हिरवा प्रमाणात, चारही बाजूंना सारखा पसरलेला. रंगच नसलेले पांढरे किंवा काळे डाग म्हणजे गळती. ऑनलाइन घेणाऱ्यांनी एवढं चित्र तरी मागून घ्यावं.

अंगठी बोटात आल्यावर काही दिवसांनी ‘हिऱ्याची चमक गेली’ अशी तक्रार येते. हिरा पाण्याला जवळ करत नाही, तेलाला करतो. किंबर्लीच्या खाणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीस फासलेल्या टेबलांवरून खडी-पाणी सोडून हिरे वेगळे काढत, ते याच गुणामुळे. आपल्या हातावरचं खोबरेल, क्रीम, कणकेतलं तूप तसंच हिऱ्याच्या तळाला चिकटतं. खोबरेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, त्यामुळे २४.४ अंशांची मर्यादा त्या थराखाली थेट ३७ अंशांवर जाते आणि परतणारा बराचसा प्रकाश बाहेर गळतो. वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही, मळ खालून बसलेला असतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी थोडा वेळ बुडवून ठेवावी आणि मऊ ब्रशने कोंदणाच्या मागच्या बाजूने घासावी. व्ही प्राँगच्या आतल्या खाचेत मळ सगळ्यात जास्त साचतो. तिथे ब्रश फिरवताना प्राँग हलतो का तेही बघून घ्यावं, आणि हलत असेल तर अंगठी काढून ठेवून कारागिराकडे न्यावी.