ओल्ड सॅरम (मतदारसंघ)

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील, आता अस्तित्वात नसलेला संसदीय मतदारसंघ. सॉल्झबरी शहराच्या उत्तरेस एका टेकडीवर हे जुने गाव होते. तेथून ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात दोन सदस्य जात. पहिले १२९५ मध्ये गेले आणि शेवटचे १८३२ मध्ये घरी परतले. गाव मात्र त्याच्या कितीतरी आधी उठून गेले होते.

टेकडीवर नॉर्मन किल्ला व कॅथीड्रल (बिशपचे मुख्य चर्च) होते. पण वारा, पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातील शिपायांशी होणारी भांडणे यांना धर्मगुरू कंटाळले. १२२० मध्ये खालच्या सपाट जागेवर नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि त्याच्याभोवती आजचे सॉल्झबरी वसले. नव्या शहरालाही दोन जागा मिळाल्या, तरी जुन्या गावाच्या कोणी काढून घेतल्या नाहीत.

येथे मत माणसाला नसून जमिनीला होते. ठरावीक भूखंड ज्याच्या नावावर, तो मतदार. सगळे भूखंड एकाच धन्याकडे आल्यावर तो निवडणुकीपुरते कागद भरवशाच्या माणसांच्या नावे करी आणि काम झाले की परत घेई. मतदान शेतातल्या एका एल्म वृक्षाखाली होई. त्याचे नावच ‘पार्लमेंट ट्री’ पडले. १८३१ मध्ये मतदार ११ होते आणि त्यांतला एकही तेथे राहत नव्हता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस पिट याने ही मालमत्ता सॉल्झबरीच्या अर्लकडून विकत घेतली. पिट हा ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी झुगारून चोरटा व्यापार करणारा. पुढे त्याच कंपनीने त्याला मद्रासचा गव्हर्नर नेमले. तेथे त्याने गोवळकोंड्याच्या परिसरातील सुमारे ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला आणि पैलू पाडल्यावर १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला (राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला) विकला. तो आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. स्वतः पिट अनेकदा ओल्ड सॅरमचा सदस्य होता. नंतर ती जागा घरच्या वतनासारखी चालली.

त्याचा नातू विल्यम पिट (थोरला) १७३५ मध्ये येथूनच संसदेत शिरला, तोही मोठ्या भावाने दोन ठिकाणी निवडून येऊन दुसरी जागा राखली म्हणून. हाच पिट १७६६ मध्ये, पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, अशा मतदारसंघांना राज्यघटनेचा सडका भाग म्हणाला आणि हे शंभर वर्षेही टिकणार नाही, असे त्याने बजावले. ते टिकले ६६ वर्षे. ज्या शिडीने वर चढला तिलाच त्याने नावे ठेवली, असे म्हणता येईल. पण शिडी त्याला आतून ठाऊक होती, हेही खरे.

१८०१ मध्ये पिट घराण्यातील लॉर्ड कॅमेलफर्डने जॉन हॉर्न टूक या जहाल सुधारणावाद्याला निवडून आणले. टूक दीक्षित पाद्री होता. गदारोळ झाला आणि पाद्र्यांना कॉमन्समध्ये बसण्यास बंदी करणारा कायदाच झाला. तो २००१ पर्यंत टिकला. टूकला मात्र चालू संसद विसर्जित होईपर्यंत बसू दिले.

१८०२ मध्ये मालमत्ता आयरिश कॅलेडन घराण्याकडे गेली. किंमत ६०,००० पौंड. जमिनीचे उत्पन्न वर्षाला फार तर ७०० पौंड, म्हणजे बाकीचा पैसा दोन खुर्च्यांचा. या घराण्याची संपत्तीही कंपनीच्या नोकरीतच जमली होती. शेवटचे दोन्ही सदस्य त्याच कुळातले: जेम्स अलेक्झांडर आणि कंपनीचा संचालक जोसायस ड्यू प्रे अलेक्झांडर. मधल्या काळात पुढे अर्थमंत्री झालेला निकोलस व्हॅन्सिटार्टही येथून गेला होता.

मँचेस्टर व बर्मिंगहॅम या गजबजलेल्या गिरणी-कारखान्यांच्या शहरांना तोवर स्वतःचा एकही सदस्य नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ५६ मतदारसंघ पूर्णपणे रद्द केले. ओल्ड सॅरम त्यांत होता. एल्म वृक्ष विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उभा होता.